श्रावणात सिगरेट कशी सोडावी

गोव्यातल्या कितीतरी घरांत श्रावण लागला की मासळी बंद. एरवी हुमणाशिवाय, म्हणजे माशांच्या कालवणाशिवाय, ज्याचा घास उतरत नाही, तो माणूस महिनाभर मुगागाठी आणि खतखतं खाऊन आनंदाने राहतो. तोच माणूस सिगरेटचं नाव काढलं की ‘मला नाही जमणार’ म्हणतो. मला ते पटत नाही. सिगरेट सुटल्यावर होणारी तगमग पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. श्रावण जवळपास तेवढाच असतो.

दिव्यांच्या अवसेच्या आधीचा आठवडा नेहमीसारखाच ओढा, पण प्रत्येक सिगरेटची वेळ आणि जागा लिहून ठेवा. सकाळचा चहा, कदंबा बसची वाट पाहणं, जेवणानंतरचा सोपा (घरापुढची ओसरी), रात्रीचा बार. बहुतेक सिगरेटी अशा जागांना चिकटलेल्या असतात. त्या जागा महिनाभर टाळा किंवा क्रम बदला, म्हणजे जेवण झालं की सोप्यावर न बसता सरळ चालायला निघा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आतच पहिली लागत असेल तर पकड घट्ट आहे, तेव्हा डॉक्टरांना आधीच भेटून घ्या.

अवसेच्या रात्री घरातली पाकिटं, लायटर, राखदाणी सगळं बाहेर काढा. अडीअडचणीला म्हणून एकही ठेवू नका. घरच्यांना सांगाच, कोपऱ्यावरच्या पसरकाराला, म्हणजे दुकानदारालाही सांगा. पाकीट फेकण्याआधी त्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. सिगरेट सोडायला मदत करणारी ही सरकारी सेवा आहे आणि फोन मोफत लागतो.

‘एकदम कशाला, कमी करत नेतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, गुठळ्या होऊ लागतात. धुरात ७००० हून अधिक रसायनं आहेत आणि त्यातली सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरतात. गावाकडच्या जुन्या बायका पानात तंबाखू गुंडाळून धुमटी ओढायच्या, काही जणी तर जळतं टोक तोंडात धरून. त्यांच्या टाळूवर डाग आणि जखमा व्हायच्या. जळत्या टोकाची आच आणि धूर टाळूला थेट लागायचा. फुप्फुसात ती आच पोचत नाही, पण धूर तिथेही इजा करतो, ती दिसत नाही एवढंच.

आता पहिले तीन दिवस. चिडचिड होईल, झोप उडेल, भूक वाढेल. तलफ आली की घड्याळ बघा, पाच-दहा मिनिटांत ती उतरते. तेवढ्या वेळात पाणी प्या, बडीशेप चघळा, पावसात छत्री घेऊन वाड्यावर एक फेरी मारा. चहा-कॉफी निम्मी करा. धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा भराभर करत असतं. धूर बंद झाला की तेवढ्याच कपांनी छाती धडधडते, आणि लोक त्याचा दोष सिगरेट सोडण्याला देतात. श्रावणी सोमवार याच दिवसांत आला तर निर्जळी उपास नको.

निकोटिनचं च्युइंगम घेणार असाल तर ते सारखं चावायचं नसतं. हळू चावा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, चुरचुर गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं सोलकढी किंवा कोकम सरबत घेऊ नका, आंबटपणामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

खरी परीक्षा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. मूळ घरी सगळे भाऊ जमतात, रात्रीच्या आरत्या संपल्या की अंगणात पाकीट फिरतं. त्या वेळी आत माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली बसा, आरतीला वाजवायचं घुमट हातात घ्या. चवथीनंतर दारू पुन्हा सुरू होते तेव्हा तर विशेष जपा, दोन पेगांनंतर नाही म्हणणं फार जड जातं. पहिला महिनाभर बारमध्ये न गेलेलंच बरं. तरीही एखादी ओढली गेलीच तर उरलेलं पाकीट तिथेच पाण्यात बुडवा आणि मोबाइलमधला तो नंबर त्याच रात्री नाही तर दुसऱ्या सकाळी लावा.