‘लोखंड आहे, त्याला काय होतंय?’ : जुनं पंचेचाळीस सांभाळताना या चुका टाळा

माझ्या पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर, डाव्या अंगाला ठिपक्यांची एक ओळ आहे. शिवणीसारखी, बारीक, तपकिरी. ती गंजाची आहे आणि ती माझीच करणी. वडील गेले, परवाना माझ्या नावावर होईपर्यंत हत्यार ठाण्यात जमा करायचं होतं. मी ते त्यांच्या जुन्या चामडी होल्स्टरमध्ये घातलं, बटण लावलं, पावती घेतली आणि घरी आलो. महिना जूनचा होता. परत हातात आलं तेव्हा दुसरा पावसाळा सरत आला होता आणि होल्स्टरची शिवण पोलादावर उमटली होती.

पिस्तूल म्हणजे कोल्ट 1911, बोअर (नळीचा व्यास) .45 इंच. आपल्याकडे नुसतं ‘पंचेचाळीस’ म्हणतात. ऐंशीच्या दशकात आयात बंद होण्याआधी आलेली अशी काही हत्यारं सातारा, कराड, फलटण भागात जुन्या घरांतून आजही परवान्यावर आहेत. मालकांशी बोलायला बसलं की तक्रारी ठरलेल्या असतात: जड आहे, गोळ्या सातच बसतात, नेम धरायच्या मागच्या-पुढच्या खुणा बारीक, काडतुसं मिळता मिळत नाहीत. आणि एवढं बोलून झालं की वाक्यही ठरलेलंच, “पण एक आहे, याला काही होत नाही.”

मला वाटतं, या पिस्तुलाचं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं केलंय.

दणकटपणाची कीर्ती खोटी नाही. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगची ही घडण अमेरिकी लष्करानं 29 मार्च 1911 रोजी स्वीकारली आणि 1985 मध्ये बेरेटाचं पिस्तूल येईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल राहिलं. निवडीच्या चाचणीत 6,000 गोळ्या झाडल्या, पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवून गार केलं, हा किस्सा प्रत्येक मालकाला पाठ असतो. पण ते पिस्तूल नवं होतं आणि चाचणी दोन दिवसांची होती. तुमचं-माझं सत्तर-ऐंशी वर्षांचं आहे आणि त्यातली निम्मी कपाटात गेलीत.

चामडं, पाऊस आणि खंडेनवमी

होल्स्टर हे कमरेला लावायचं, ठेवायचं नव्हे. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनंही त्यात उरलेली असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जावळी-पाटणच्या घरांत श्रावणात कपाटातल्या सदऱ्यांना बुरशी येते, तिथं पोलादाची काय कथा! पिस्तूल तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या सुती कापडात ठेवा, डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून बघा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आतली ओल आतच राहते.

माण-खटावात नेमकं उलट. तिथं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण धूळ अशी की तेलानं थबथबलेलं पिस्तूल दोन महिन्यांत मातीचा लेप घेऊन बसतं. तिकडे तेल लावून पुसून काढायचं, बोटाला जेमतेम लागेल इतकंच ठेवायचं. एकाच जिल्ह्यात दोन नियम.

तेल कुठलं? शिवणयंत्राचं हलकं तेल चालतं, बंदुकीचं मिळालं तर उत्तमच. खोबरेल नको. ते 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं आणि जुनं झालं की चिकट बसतं. वाईच्या एका गृहस्थांची स्लाइड जानेवारीच्या सकाळी अर्ध्यावरच अडायची. स्प्रिंग गेली असं ते धरून चालले होते. रॉकेलनं धुऊन घेतलं तर वर्षानुवर्षांचं खोबरेल मेणासारखं निघालं. रॉकेलनं धुणं ठीक आहे, पण धुऊन तसंच ठेवणं ही पुढची चूक. ते जुनं तेलही सोबत घेऊन जातं आणि उघडं पोलाद मागे राहतं.

खंडेनवमीचं सांगितलं तर काहींना राग येईल. पूजा जरूर करा, मीही करतो. पण ओल्या बोटानं लावलेलं हळदकुंकू स्लाइडवर रात्रभर राहिलं की खाली गंजाचा टिळा कायमचा. अक्षता नळीत गेलेल्याही मी पाहिल्यात. आमच्याकडे आता पिस्तुलाखाली पाट ठेवतात आणि हळदकुंकू पाटाला वाहतात.

क्रम चुकला की

ही चूक पिस्तुलाची नाही, जिवाची आहे.

अपशिंगेकडच्या एका निवृत्त सुभेदारांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे सासऱ्यांकडून आलेलं पंचेचाळीस. नोकरीत हाताळलेलं पिस्तूल मात्र 9 एमएमचं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीवर ईशापूरच्या कारखान्यात बनलेलं. दाखवायला म्हणून त्यांनी कपाटातून काढलं, मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढून सतरंजीवर ठेवलं, भिंतीकडे नळी केली आणि चापावर बोट नेलं. मी मनगट धरलं.

“अवो, मॅगझिन काढल्यावर कशाला वाजतंय?”

“आबा, आधी स्लाइड ओढा.”

ओढली. पितळी, अंगठ्याएवढं जाड काडतूस टुणकन उडालं आणि घरंगळत खाटेखाली गेलं. आबांनी ते वाकून स्वतः काढलं, खिडकीजवळ नेऊन उलटसुलट बघितलं आणि आत हाक दिली, “च्या राहू दे आता.”

हाय-पॉवरच्या घडणीत मॅगझिन बाहेर असेल तर चाप चालत नाही. 1911 मध्ये तशी सोय नाही. मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात आधीच चढलेली, गोळी सुटते. नोकरीतली सवय दुसऱ्या हत्याराला लावली की असं होतं. उलट क्रमही तितकाच वाईट: आधी स्लाइड ओढून गोळी बाहेर काढायची आणि मॅगझिन मग काढायचं. तोवर मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसलेली असते. क्रम एकच: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून मागे अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. उजेड कितीही असला तरी करंगळी घालायचीच.

घोडा, म्हणजे मागचा हातोडा, अर्ध्यावर ठेवला की सुरक्षित, हाही जुना समज. ती अर्धी खाच घोडा हातून निसटला तर अडवायला आहे, ठेवायला नाही. शिवाय पिस्तूल पडल्यावर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) अडवणारी कळ कोल्टनं 1980 च्या दशकात ‘सिरीज 80’ मध्ये आणली. त्याआधीचं पिस्तूल नळीवर आपटलं आणि पिनची स्प्रिंग थकलेली असली तर बार उडू शकतो. घरात ठेवताना चेंबर रिकामंच असू द्या. हातातून सुटलंच तर झेलायला जाऊ नका. झेलताना बोट नेमकं चापात जातं.

अडकतंय? आधी मॅगझिन बघा

गोळी नीट चढत नाही, तिरकी अडकते, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही. मालक लगेच नळीला किंवा कारागिराला दोष देतो. बहुतेकदा दोष मॅगझिनचा असतो. वरचे दोन ओठ वाकलेले किंवा फाकलेले असतात, नाहीतर स्प्रिंग मऊ पडलेली असते. दोन मॅगझिनं असतील तर त्यांवर खुणा करा आणि कुठल्यानं अडतं ते लिहून ठेवा. एवढ्यानं अर्धा तपास होतो.

रिकामं काडतूस बाहेर फेकलं जात नसेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारा आकडा, बघायचा. 1911 मध्ये तो आतल्या बाजूला असतो, पोलादाची लांब पट्टी, जी स्वतःच स्प्रिंगचं काम करते. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड त्याच्या आकड्याखाली सरकते, अशी ती रचना. काही जण काडतूस हातानं थेट चेंबरमध्ये टाकून स्लाइड सोडतात. मग आकड्याला दरवेळी काठावरून उडी मारावी लागते. त्याचा ताण जातो, कधी तो तुटतोही.

अशा वेळी ओळखीच्या लेथवाल्याकडे जाऊ नका. कराडच्या एका मालकांनी गोळी सरळ चढावी म्हणून एका वर्कशॉपमध्ये नळीखालचा उतार घासून घेतला. नको तिथं पोलाद कमी झालं आणि नळी बादच करावी लागली. शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना वर्कशॉपवाल्याच्या. चकचकीत निकेल करून घेण्याचा मोह असेल तर एवढंच लक्षात ठेवा, पॉलिशमध्ये नंबर पुसट झाला तर तुम्ही थेट शस्त्र कायद्याच्या कलमात अडकता.

खोलणं-जोडणं मात्र घरी करता येतं. नळीच्या टोकाखाली रिकॉइल स्प्रिंगचं (स्लाइड पुन्हा पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचं) टोपण असतं, ते अंगठ्यानं दाबून धरायचं. माझा अंगठा एकदा घसरला आणि टोपणानं भिंतीवरच्या कालनिर्णयाचा नोव्हेंबर फोडला. तेव्हापासून मी चष्मा लावून बसतो आणि घरातली मंडळी त्या खोलीत येत नाहीत. जोडताना स्लाइड-स्टॉपची, म्हणजे स्लाइड मागे अडवणारी, कळ घासून फ्रेमवर (सांगाड्यावर) कमानीसारखा ओरखडा येतो. जुनं पंचेचाळीस हातात आलं की मी पहिल्यांदा तेच बघतो. चार-पाच ओरखडे असतील तर समजायचं, घरात हौशी माणसं होऊन गेलीत.

आजोबांच्या डब्यातली काडतुसं हा वेगळा विषय. हिरवट पडलेली, बुळबुळीत झालेली वापरू नका. चाप ओढला आणि वाजलं नाही तर नळी तशीच समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कधी कधी बार उशिरा उडतो. आणि नुसतं ‘फुस्स’ झालं तर पुढची गोळी अजिबात नको. आधीची नळीत अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून परवानाधारक कारागिराकडे द्या.

कागद

इथं थोडक्यात. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी द्यायचा. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय, त्यामुळे तारीख विसरणं जास्त सोपं झालंय. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाधारक वारला तर वारसानं हत्यार घरात ठेवायचं नसतं; जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायचं. तेरावं होऊ द्या, मग बघू, असं नातेवाईक सांगतात. ऐकू नका.

जमा करताना पावतीवर नंबर स्वतः ताडून बघा. निवडणुकीत जमा करायची नोटीस आली तेव्हा मी नळीत आणि स्लाइडवर तेल घातलं, वर तेलाचं फडकं गुंडाळलं आणि होल्स्टर घरीच ठेवलं. ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, “याचं पाकीट कुठाय?” मी त्यांना ती शिवण दाखवली.