स्पॅनिशमध्ये उद्गार काढताना या चुका टाळा

दिवस वाईट गेला की नवशिके हमखास म्हणतात, '¡के उन दीआ!' यातला 'उन' (एक) इंग्रजी 'व्हॉट अ डे'च्या सवयीतून आलेला. आपण मराठीत 'काय दिवस गेला!' म्हणतो, 'काय एक दिवस' म्हणत नाही. स्पॅनिशही तसंच: '¡के दीआ!' इथे इंग्रजीवरून वळसा घालून जाऊच नका.

विशेषण नामाच्या नंतर आलं, तर आधी 'तान' किंवा 'मास' हवं: '¡के कासा तान बोनीता!' किती सुंदर घर! 'तान' गाळलं तर वाक्य लंगडं पडतं.

खरी गोची लिंगवचनाची. मराठीत हात गार, पाणी गार, हवाही गारच. 'गार' बदलत नाही, म्हणून स्पॅनिश 'फ्रीओ' बदलायचं आपल्या लक्षात राहत नाही. 'किती गार हात!' म्हणताना '¡के मानोस तान फ्रीओस!' तोंडून निघतं, त्यात 'मानो' ओकारान्त, त्यामुळे पुल्लिंगी वाटतो. पण तो स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'फ्रीआस' हवं. 'दीआ' आकारान्त असून पुल्लिंगी. त्यामुळे शब्द पाठ करताना त्याआधी पुल्लिंगी 'एल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' हे उपपद जोडूनच करा, 'ला मानो', 'एल दीआ'.

'आग्वा' तर भल्याभल्यांना चकवतो. पाणी म्हणजे 'एल आग्वा', पण शब्द स्त्रीलिंगीच. सुरुवातीच्या 'आ'वर आघात आहे, म्हणून एकवचनात लगेच आधी 'ला'ऐवजी 'एल' येतं, एवढंच. विशेषणाला त्याच्याशी देणंघेणं नाही: '¡के आग्वा तान फ्रीआ!' अनेकवचनात 'लास आग्वास'.

एके ठिकाणी मात्र मराठी दगा देते. 'किती लोक आले!' यात आपले लोक अनेकवचनी, पण 'खेन्ते' एकवचनी आणि स्त्रीलिंगी. म्हणून '¡क्वान्ता खेन्ते!', 'क्वान्तोस' नाही.

स्वतःबद्दल बोलताना मराठी पुन्हा मदतीला येते. 'मी दमलो' आणि 'मी दमले' हा फरक आपल्या अंगवळणी पडलेला आहे. स्पॅनिशमध्ये पुरुष '¡के कान्सादो एस्तोय!' म्हणेल, बाई 'कान्सादा'.

लिहिताना उद्गारवाचक 'के'मधल्या स्वरावर तिरपी रेघ द्या. ती नसली तर तो 'की' किंवा 'जो' अर्थाचा शब्द होतो. उद्गाराच्या सुरुवातीचं उलटं चिन्हही (¡) विसरू नका. स्पॅनिश अकादमीने १७५४ च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात ते सुचवलं, लांब वाक्याचा सूर वाचणाऱ्याला आधीच कळावा म्हणून. ते वाक्याच्या आरंभीच हवं असं नाही, उद्गार सुरू होतो तिथे द्यायचं: 'मारिया, ¡के आलेग्रीआ!'