व्हॉयेजर-कॅसिनी यानांचे मूळ फोटो डाउनलोड करताना या चुका टाळा

टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवरून दुर्बिणीत शनी पाहिल्यापासून आमच्या भाच्याला शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाचं वेड लागलंय. परवा लॅपटॉप घेऊन घरी आला तो कुरकुरतच.

"मामा, फाइल करप्ट आलीये. तीनदा डाउनलोड केली."

कॅसिनीच्या फोटोची ती फाइल अगदी धडधाकट होती. तिच्या नावाच्या शेवटी 'आयएमजी' असतं आणि विंडोजच्या लेखी आयएमजी म्हणजे सीडी-डीव्हीडीची नक्कल. डबल क्लिक केलं की ते डिस्क म्हणून उघडायला जातं आणि 'करप्ट' म्हणून हात वर करतं. नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टीममध्ये, म्हणजे पीडीएसमध्ये, आयएमजी फाइलमध्ये ओळीने मांडलेले उजेडाचे आकडे असतात. ओळी किती, फिल्टर कुठला, एक्स्पोजर किती, हे सगळं त्याच नावाच्या एलबीएल फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती नोटपॅडमध्ये सरळ उघडते. भाच्याने नेमकी तीच 'फालतू' म्हणून सोडली होती! दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नुसतं बघायचं असेल तर आयएमजीच्या वाटेला जाऊच नका, सोबतचं प्रिव्ह्यू चित्र घ्या.

फोटो शोधायला पीडीएसचंच 'ओपस' हे शोधाचं संकेतस्थळ सगळ्यात सोयीचं. व्हॉयेजर, गॅलिलिओ, कॅसिनी, न्यू होरायझन्स, सगळ्या यानांचे फोटो एकाच ठिकाणी सापडतात. पण तिथे तारीख फसवते. व्हॉयेजर २ नेपच्यूनच्या सर्वांत जवळ गेलं तेव्हा कॅलिफोर्नियात २४ ऑगस्ट १९८९ ची रात्र होती. पुण्यात २५ तारखेची सकाळ, साडेनऊच्या आसपास. संग्रहातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे २५ तारीख, पहाटे चारच्या जरा आधी. अमेरिकन लेखातली २४ तारीख टाकून शोधलं की नेमके जवळचे फोटो हातचे जातात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा, आणि तरी एक दिवस मागचा-पुढचा धरा.

ओपसमधल्या 'टार्गेट' या रकान्यावरही डोळे झाकून विश्वास नको. कॅमेरा कशावर रोखायचा ठरलं होतं, ते तिथे लिहिलेलं असतं. टार्गेट शनी, आणि कोपऱ्यात एखादा चंद्र फुकटात आलेला, असं बरेचदा होतं.

रंगाची गंमत वेगळीच. मूळ फोटो कृष्णधवल असतात, रंगीत चित्र वेगवेगळ्या फिल्टरचे तीन फोटो जोडून आपण करायचं. व्हॉयेजरचे फोटो शोधताना लोक 'रेड' टाकतात आणि रिकाम्या हाताने परततात, कारण व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यांत लाल फिल्टरच नव्हता. त्या जागी 'ऑरेंज' वापरा. आणि तिन्ही फोटो पाठोपाठचे निवडा. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे दहा मिनिटांत सहा अंश. आळस करून अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेले फोटो जोडलेत, तर गुरूवरच्या लाल डागाला निळी-हिरवी किनार येणारच.

व्हॉयेजरच्या फोटोवर ओळीने काळे ठिपके दिसले तर स्क्रीन पुसत बसू नका. कॅमेऱ्याच्या नळीवर ते मुद्दाम कोरलेले असायचे, चित्र किती वाकलंय हे मोजायला. ते नको असतील तर 'क्लीन्ड' (ठिपके काढलेली) किंवा 'जिओमेड' (वाकलेपणही सरळ केलेली) प्रत घ्या. फोटो अगदीच काळा दिसला तर ब्राइटनेसची पातळी ताणून पाहा. नेपच्यूनवर ऊन आपल्या सुमारे नऊशेव्या हिश्शाचंच पोचतं!

शेवटी कार्ट, म्हणजे निवडलेल्या फोटोंची टोपली. ओपसमध्ये फोटो निवडून 'डाउनलोड' दाबण्याआधी कुठल्या प्रती हव्यात ते ठरवा आणि बाकीच्या खुणा काढा. नाहीतर वीस फोटोंसोबत नको त्या फाइलींचं गाठोडं येतं. आणि मोठी झिप फाइल गुरुवारी, म्हणजे वीज जाण्याच्या वारी, दुपारी लावू नये, हे पुणेकरांना सांगायला नको.