नाल्यात घाण कुठून येते ते शोधताना: सांवेरकडचा अनुभव

एमएससीच्या प्रोजेक्टला मी सांवेरकडचा एक नाला घेतला होता, इंदूरहून बसने जायचो. पहिल्या महिन्यात पाण्यात नायट्रेट (नायट्रोजनचा क्षार) जास्त आलं की लगेच शेतातला युरिया असं धरून चाललो, दोन्हीकडे गहू-बटाटा, दुसरं काय सुचणार. लॅबमधल्या ताईने रिपोर्ट बघून एवढंच विचारलं, "क्लोराइड केलंस का रे?" केलं नव्हतं.

नायट्रेट शेणातनं येतं, सेप्टिक टँकमधनं पण येतं. सांडपाण्यात मिठामुळे क्लोराइडही वाढतं, नुसत्या युरियात ते नसतं. पण बटाट्याला जो पोटॅश टाकतात तो बहुतेक पोटॅशियम क्लोराइडच, म्हणून शेतकरीकाकांना काय टाकलं, कधी टाकलं विचाराच.

नाला खालून वर चालत जा. जिथे दुसरं पाणी येऊन मिळतं तिथे तीन बाटल्या भरायच्या, मिळण्याआधीची, त्या येणाऱ्या पाण्याची आणि खाली नीट मिसळल्यावरची. बाटलीचं तोंड प्रवाह येतो त्या बाजूला ठेवा, नाहीतर पायाने ढवळलेला गाळ बाटलीत जातो.

आणि पाणी किती वाहतंय ते मोजल्याशिवाय घरी येऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय. समजा घरांमागच्या पाइपात लिटरला 80 मिलिग्रॅम नायट्रेट आहे पण पाणी सेकंदाला अर्धा लिटरच, म्हणजे नाल्यात सेकंदाला 40 मिलिग्रॅम पडतं, आणि शेताच्या चरात फक्त 20 पण सेकंदाला 5 लिटर, म्हणजे 100. पाइपासाठी बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं.

रिपोर्टमधलं युनिट पण बघा. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे ती पूर्ण नायट्रेटची, काही लॅब फक्त त्यातल्या नायट्रोजनचा आकडा देतात, त्याला 4.43 ने गुणावं लागतं.

ई. कोलाय (मैल्यातून पाण्यात येणारे जंतू) तपासायचे तर बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत लॅबला द्या, त्यामुळे परतीची बस आधी बघून मगच सॅम्पल घ्यायचो.

मला उत्तर मिळालं ते पहिल्या जोरदार पावसात. गोठ्यामागच्या उकिरड्यातनं चहासारखं पाणी बारीक धारेने नाल्याकडे चाललं होतं, आणि वाटेत हँडपंप, तिथे एक मुलगी कळशी भरत होती. मी नाल्याचं सॅम्पल राहू दिलं आणि आधी त्या हँडपंपाची बाटली भरली.