हेलेबोरस फुलत नसेल तर आधी गड्डा तपासा

हेलेबोरस म्हणजे थंड हवेतलं, हिवाळ्याच्या सुमारास फुलणारं फुलझाड. तो फुलला नाही की खताला दोष दिला जातो. बहुतेक वेळा चूक लावतानाच झालेली असते: रोप खोल गेलेलं असतं. जिथून कोंब फुटतात तो गड्डा मातीच्या पातळीलाच हवा. वर माती आलीच तर एक-दोन सेंटिमीटर. खोल गेला की नुसती पानं येतात आणि ओल राहिली तर गड्डा कुजतो. लागवड झालेली असेल तर वरची माती बोटांनी बाजूला सारा, तेवढंही पुरतं.

जागा पानगळीच्या झाडाखालची. हा फुलतो तेव्हा वरच्या फांद्या उघड्या असतात, ऊन मिळतं; उन्हाळ्यात सावली. काळोख्या कोपऱ्यात जगतो, पण कळ्या मोजक्याच. थंडी नीट पडत नाही तिथे याच्या नादी लागू नये.

मुळं खोल जातात, म्हणून 30 सेंटिमीटर खणून कुजलेलं पानखत मिसळा. दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर. पाणी साचता कामा नये. उंचवट्यावर लावलं तर निचराही होतो आणि मान खाली घातलेली फुलं खालून दिसतातही. पहिल्यांदाच लावणाऱ्यांनी हायब्रिडस हा संकरित प्रकार घ्यावा. पांढऱ्या फुलांचा नायगर हा प्रकार देखणा, पण नखरेल.

हायब्रिडसची जुनी पानं हिवाळ्याच्या सुरुवातीला बुडापासून कापा. त्यांवरच्या तपकिरी-काळ्या डागांची बुरशी नव्या पानांवर आणि फुलांवर उतरते, म्हणून कापलेली पानं खताच्या खड्ड्यात टाकू नका. उशीर झाला असेल तर आधी वाकून बघा: देठांच्या बुडाशी आकड्यासारख्या वाकलेल्या फिकट कळ्या असतात, आणि घाईत कात्री नेमकी त्यांवर चालते. फिटिडस या प्रकाराला मात्र तेव्हा हात लावायचा नाही. त्याचं फूल गेल्या वर्षीच्या दांड्यावर येतं; ते दांडे फुलं संपल्यावर कापायचे. हातमोजे हवेतच, चिकाने कातडी चुरचुरते. झाड सगळंच विषारी आहे.

डाग गोल असतील तर बुरशी. शिरांच्या बाजूने काळ्या रेघा आणि खुरटलेली, वाकडी पानं दिसली तर तो विषाणू. त्यावर औषध नाही. रोप मुळासकट उपटून नष्ट करा आणि शेजारच्या रोपांवरचा मावा आवरा.

बी पिकलं की लगेच पेरा. त्याला आधी ऊब, मग थंडी लागते. ताजं बी हिवाळ्याच्या अखेरीस उगवतं, वाळवून ठेवलेलं बी वर्षभर रुसून बसतं. फूल साधारण तिसऱ्या वर्षी, आणि रंग आईसारखा येईलच असं नाही.

फुलं हिरवट पडायला लागली तर घाबरू नका. पाकळ्या वाटतात ती खरं तर निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं, म्हणूनच दोन-दोन महिने टिकतात. फुलदाणीत ताजी फुलं लगेच मान टाकतात. मधोमध बीजकोश फुगायला लागल्यावर तोडलेली टिकतात. ताजीच हवी असतील तर देठ काढून पसरट भांड्यातल्या पाण्यावर सोडा.