"नशीबच खराब" म्हणायच्या आधी वहीत काय लिहायचं

तीन वर्षांआधी माझ्या चार एकरातलं सोयाबीन निघालंच नाही, दहा दाणे टाकले तर चार-पाच उगवले, बाकी मातीतच कुजले, आणि मी उसनवारी करून दुबार पेरणी केली. रोज संध्याकाळी पारावर बसून एकच बोलायचो, "आपलं नशीबच फुटकं हाय बावा." सगळे हो ला हो लावायचे. एक दिवस शेजारच्या काकांनी विचारलं, "थैली कुठी हाय बियाण्याची?" थैली वावरातच फेकली होती, टॅग तिच्यासोबत गेला, बिल शर्टाच्या खिशात धुतल्या गेलं. बियाणं खराब होतं का माझी पेरणी चुकली, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. म्हणजे नशिबावर ढकलून मी स्वतः तर सुटलोच, पण बियाणं खराब असेल तर ते विकणाराही सुटला, हे मला लय लागलं.

तेव्हापासून जे करतो ते सांगतो.

सीझन संपला की एक वही घ्या, शाळेतल्या पोराची अर्धी उरलेली चालते. पानावर तीन रकाने पाडा: आभाळाचं, दुसऱ्याचं, माझं. झालेलं प्रत्येक नुकसान कुठल्यातरी रकान्यात गेलंच पाहिजे. पेरल्यावर वीस दिवस पाऊस गडप झाला, आभाळाचं. भाव पडला, दुसऱ्याचं. "माझं" मध्ये मात्र "मी आळशी", "मी मूर्ख" असं काही लिहायचं नाही, त्यानं फक्त रडू येतं. तिथं केलेलं किंवा न केलेलं काम लिहायचं, तारखेसकट. माझी पहिली ओळ होती, "12 जून, पहिल्या सरीवर पेरलं, पाऊस मोजला नाही." दुसरी, "उगवण तपासली नाही." लिहिताना हात जड झाला, खरं सांगतो, पण ज्या ओळीत काम असते तिचं पुढच्या वर्षी काहीतरी करता येते, "नशीब" या ओळीचं काहीच करता येत नाही.

मग "माझं" रकान्यातली एकेक ओळ उचला आणि तिच्यासमोर पुढच्या वर्षीचं काम लिहा. माझी अशी झाली:

पाऊस मोजणे. 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय पेरायचं नाही. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, झाडाखाली नाही, आणि रोज सकाळी पोराच्या पट्टीनं पाणी मोजून वहीत लिहा अन् डबा रिकामा करा. बेरीज 10 सेंटीमीटरवर गेली म्हणजे 100 मिलिमीटर झाले. शेजारी पेरायला निघाला की आपला जीव खालीवर होते, तेव्हा हीच बेरीज पाहायची.

उगवण तपासणे. 100 दाणे मोजून ओल्या पोत्याच्या तुकड्यावर ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल राहू द्या, आठवडाभरात मोजा. सत्तर किंवा वर चांगले निघाले तर एकरी 30 किलो पुरते, थोडे कमी निघाले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवा, साठच्या खाली असेल तर ते पेरूच नका. पेरताना 3-4 सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका.

थैली. फोडताना टॅग शाबूत राहील अशी फोडा, मूठभर बियाणं आत राहू द्या, बिल तिच्यातच टाका आणि पीक निघेपर्यंत खुंटीला टांगून ठेवा. उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, त्यांच्या समितीनं वावरात येऊन पाहावं लागते. तक्रार करणं हेही "माझं" मध्येच येते.

कपाशीवाल्यांसाठी थोडं वेगळं. गुलाबी बोंडअळीला आमच्या गावात अजूनही देवाचा कोप म्हणतात. पण बीटी बियाण्यासोबत, म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होते त्या बियाण्यासोबत, आधी 120 ग्रॅमची बिगर-बीटी पुडी यायची, चार बाजूंनी लावायला, ती किती जणांनी लावली? मी तर धुऱ्यावर फेकायचो. अळीला बीटीच्या विषाची लवकर सवय होऊ नये म्हणून ती पुडी होती. आता एवढं करा: एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावा, सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की फवारणीचा विचार. किंवा वीस हिरवी बोंडं फोडून पाहा, दोनात अळी निघाली तर वेळ झाली. आणि फरदड, म्हणजे सीझन संपल्यावरही तीच कपाशी ठेवून घेतलेलं वाढीव पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, उभी राहिली तर अळी पुढच्या वर्षासाठी तिथंच मुक्काम करते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. सगळंच "माझं" मध्ये टाकू नका. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, त्यातल्या कितीतरी जणांना मास्क, हातमोजे कोणी दिलेच नव्हते, त्याला त्यांचं नशीब म्हणणं जसं पाप तसंच त्यांचीच चूक म्हणणंही. कर्जाचा, भावाचा सगळा भार एकट्याच्या डोक्यावर घेऊन माणसं खचतात, आपल्या भागात हे आपण फार जवळून पाह्यलं आहे. म्हणून वही एकट्यानं लिहू नका, बायकोसोबत बसा. माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी दोन ओळी "माझं" मधून काढून "आभाळाचं" मध्ये टाकायला लावल्या, आणि एक जी मी लपवली होती ती लिहायला लावली.

देवाचं काय, असं आईनं विचारलं. ती पेरणीआधी नारळ फोडते, तिला कोणी थांबवत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 ला जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडायचे, कीर्तन रात्री. आमच्याकडे आता नारळ फुटायच्या आठ दिवस आधी पोत्यात शंभर दाणे टाकलेले असतात, मोजायचं काम आईचंच. गेल्या जूनमधे 84 निघाले.