प्रकाश पार करणारं काँक्रीट प्रोजेक्टला घेताय?

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला, रत्नागिरीत शिकताना, मी हा प्रोजेक्ट केला. आता कोकणातल्या घरांच्या डिझाइनचं काम करतो. विषय फार सुंदर आहे, जरूर घ्या. पण ब्लॉक ओतण्याआधी तो कुठल्या भिंतीत बसणार आणि तिथे उजेड कुठून येणार, हे ठरवा.

हंगेरीचे आर्किटेक्ट आरोन लोशोन्त्सी यांनी २००१ मध्ये ही कल्पना पुढे आणली. त्यांच्या 'लिट्राकॉन' नावाच्या काँक्रीटमध्ये ऑप्टिकल फायबर (उजेड वाहून नेणारे बारीक धागे) आकारमानाच्या सुमारे ४ टक्केच असतात. एका बाजूचा उजेड फायबरमधून परावर्तन होत दुसऱ्या बाजूला पोचतो. म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी फार तर तेवढाच वाटा आत येणार. आपल्याकडचं अंधारं माजघर याने उजळत नाही. त्याला काचेचं कौलच बरं. मात्र पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळचं थेट ऊन येत असेल, तर बाहेरून जाणाऱ्याची सावली आतून स्पष्ट दिसते, आणि ते बघण्यासारखं असतं.

खरी मेहनत साच्यात आहे. समोरासमोरच्या दोन प्लायना सारखी भोकं पाडायची, फायबर ओवून ताणून बांधायचे. खडी घालायची नाही. बारीक चाळलेली वाळू आणि सिमेंटचा पातळसर माल हळूहळू सोडायचा. व्हायब्रेटर लावला तर फायबर सरकतात, म्हणून साचा बाहेरून हलके ठोकायचा. फायबर प्लास्टिकचे घ्या, साध्या काचेला सिमेंटचा अल्कली खातो. क्युरिंगनंतर (पाण्याने ओलं ठेवून काँक्रीट मुरल्यावर) दोन्ही तोंडं कटरने कापून, जाड्या पॉलिश पेपरपासून बारीक पेपरपर्यंत घासायची. टोकावर सिमेंटचा पापुद्रा राहिला तर त्या फायबरमधून काहीच येत नाही. घाई करायचीच तर इथे करू नका.

किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून वापरू नका. तिच्यातल्या मिठाने पॅनेलला लोणा फुटतो, आणि जवळ सळई असली तर ती गंजते. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ किनारपट्टीची हवा 'सिव्हिअर' (तीव्र) गटात धरतं आणि आरसीसीला, म्हणजे सळईच्या काँक्रीटला, किमान एम३० ताकदीचा दर्जा मागतं. वजन न पेलणारं, बिनसळईचं पातळ पॅनेल इथे सोयीचं पडतं, ते याचमुळे.

त्याच मालाचे बिनफायबरचे क्यूबही (ताकद तपासायचे चौकोनी ठोकळे) सोबत ओता. २८ दिवसांनी फायबरवाल्या काँक्रीटच्या ताकदीची तुलना त्यांच्याशीच करायची असते, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पहिला प्रश्न बहुधा तोच येतो.